पवनीजवळच्या खेड्यात राहून वारसा क्षेत्रातल्या संधी कशा शोधायच्या?
इतिहासात एम.ए. झालंय, पण कार्यक्रम सगळे पुण्या-मुंबईत, असं तुम्ही लिहिलंय. अहो, तुम्ही तर खजिन्यावरच बसलाय! पवनीच्या जगन्नाथ टेकडीवरचा बौद्ध स्तूप १९६९-७० च्या उत्खननात उजेडात आला. गावच्या शाळेतल्या किती पोरांना हे ठाऊक आहे? १८ एप्रिलला, जागतिक वारसा दिनी, त्यांनाच टेकडी दाखवून आणा. (ऊन लय असते, सकाळी सातलाच निघा.) बायोडेटात असं काम कोरड्या प्रमाणपत्रापेक्षा जड भरतं, असं माझं मत. १९ ते २५ नोव्हेंबर हा वारसा सप्ताह. तेव्हा नागपूरची एक चक्कर मारा, अजब बंगला (तिथलं मध्यवर्ती संग्रहालय) आणि विदर्भ संशोधन मंडळात ओळखी काढा. पुरातत्त्वातच शिरायचं असेल, तर ग्रेटर नोएडाच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्थेचा दोन वर्षांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम बघा.