पोरगा बल्ब खोलून बसतो, डिप्लोमाला घालू का?

प्रश्न: मी विट्यात वायरमन आहे, घरगुती फिटिंगची कामं करतो. एका गिऱ्हाइकाच्या दुकानात चार स्मार्ट बल्ब बसवले होते. वर्षभरात त्यांचं ॲप चालेनासं झालं, म्हणून त्यांनी साधे बल्ब लावून घेतले आणि हे चार मला देऊन टाकले. थोरल्या मुलाने नुकतीच दहावीची परीक्षा दिली आहे. सुट्टीत त्याने ते खोलले, लॅपटॉपला वायरी जोडल्या आणि आत ‘टास्मोटा’ नावाचं दुसरंच फर्मवेअर, म्हणजे बल्ब चालवणारा आतला प्रोग्राम, भरलं. दोन बल्ब आता नेट बंद असलं तरी घरातल्या मोबाइलवरून लागतात. एक जळाला. चौथा त्याला जमला नाही. कधीकधी झाकण काढलेला बल्ब तसाच होल्डरला लावलेला दिसतो. शेजारी म्हणतात हे हॅकिंग आहे, पोलिसांचं लचांड मागे लागेल. बायको म्हणते अकरावी सायन्स, तो म्हणतो डिप्लोमा. गणितात बरा आहे, इंग्रजीत कच्चा. या नादातून पोटापाण्याचं काही होतं का?

उत्तर:

दादा, नमस्कार. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. झाकण काढलेला बल्ब होल्डरला लावलेला दिसतो, असं तुम्ही जाता जाता लिहिलंत. करिअरचं नंतर बोलू. आधी हे आजच्या आज बंद करा.

मुलाच्या डोक्यात बहुतेक असं बसलं असेल, की चिप ३.३ व्होल्टवर चालते, म्हणजे ती बाजू निर्धोक. तसं नाही. स्वस्तातल्या बल्बमध्ये मध्ये ट्रान्सफॉर्मरची आड नसते. २३० व्होल्ट एसी डायोड ब्रिजमधून जातो, कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास डीसी साठतो आणि त्यातूनच चिपचे ३.३ उतरवलेले असतात. मीटर लावला तर चिपच्या दोन टोकांत ३.३च दिसतील. पण त्यातलं ग्राउंडचं टोक जमिनीवर उभ्या माणसाने धरलं, तर झटका लाइनचा बसेल. लॅपटॉपची वायर जोडलेली असताना होल्डरचं बटण दाबलं गेलं, तर लॅपटॉप तर जाईलच, पोरगाही जाऊ शकतो.

हे त्याला मी सांगण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं बरं. सीलिंग फॅनचा कंडेन्सर बटण बंद केल्यावरही का चावतो, हे तुम्ही हाताने शिकलेले आहात. तोच धडा या बल्बमध्ये आहे, फक्त आकार लहान. घरात नियम करून टाका: बल्बला वायर जोडायची असेल तेव्हा तो टेबलावर असेल आणि त्याला वीज फक्त लॅपटॉपला जोडायच्या यूएसबी-सीरियल अडॅप्टरमधून (मोबाइलच्या चार्जरमधून नव्हे), ३.३ व्होल्टचीच मिळेल. होल्डरला जाईल तेव्हा वायरी काढलेल्या असतील आणि झाकण पक्कं बसलेलं असेल. यात त्याची काही अडचणही होणार नाही. एकदा टास्मोटा आत गेलं की पुढचे सगळे बदल वायफायवरून होतात, बल्ब पुन्हा खोलावा लागत नाही.

आता हॅकिंगचं. स्वतःच्या मालकीच्या बल्बमधलं फर्मवेअर बदलणं हा गुन्हा नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये जे कलम ४३ आहे, ते मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या यंत्रात शिरण्याबद्दल बोलतं. इथे बल्ब गिऱ्हाइकाने तुम्हाला देऊन टाकलेत, मालक तुम्ही. वॉरंटी मात्र गेली असं समजा. टास्मोटा चोरीचं नाही, ते खुलं आहे. नेदरलँड्सच्या थिओ अरेंड्स यांनी ते सुरू केलं, नावातच त्यांच्या नावाची आद्याक्षरं आहेत, आणि त्याचा सगळा कोड कुणालाही वाचता येतो. एक कुंपण तेवढं पाळा: असे बदललेले बल्ब गिऱ्हाइकांना विकू नका, त्यांच्याकडे बसवू नका. एलईडी बल्बला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. पोराने खोलून चिकटवलेला बल्ब उद्या कुणाच्या माळ्यावर तापला, तर जबाबदारी तुमच्या नावावर येईल.

पोटापाण्याचा प्रश्न उरतो, आणि तो रास्त आहे. यंत्राच्या आत बसलेल्या चिपसाठी प्रोग्राम लिहिणं याला एम्बेडेड म्हणतात. वीजमीटर, गाडी, वॉशिंग मशीन, दवाखान्यातलं मॉनिटर, सगळीकडे ते काम आहे. तुमच्या मुलाने ज्या टास्मोटावर हात बसवला, ते एस्प्रेसिफ या शांघायच्या कंपनीच्या चिपांसाठी लिहिलेलं आहे, आणि त्या कंपनीचं एक ऑफिस पुण्यात आहे. त्याचा बल्ब एमक्यूटीटी नावाच्या ज्या पद्धतीने निरोप घेऊ शकतो, ती १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर लांबून लक्ष ठेवण्यासाठी तयार झाली. म्हणजे हात खेळण्यावर असला तरी विद्या कारखान्यातली आहे.

पण व्हिडिओ बघून दोन बल्ब चालू केले, एवढ्यावर मी कुणाला एम्बेडेडमध्ये जा म्हणणार नाही. व्हिडिओत दाखवलेल्या पिनेला वायर लावणं ही नक्कल झाली. मला बघायचंय ते हे, की गोष्ट बिघडली तेव्हा तो काय करतो. म्हणून मला जळालेला आणि न जमलेला, या दोन बल्बांत जास्त रस आहे.

जळाला तो का जळाला, हे तुम्ही लिहिलं नाहीत. त्याला विचारा. यूएसबीच्या बऱ्याच अडॅप्टरवर एक छोटा जंपर असतो, ५ व्होल्ट की ३.३ हे ठरवणारा. तो पाचवर राहिला, तर चिपचं काही खरं नसतं, एस्प्रेसिफच्या ईएसपी८२६६ या चिपची मर्यादा ३.६ व्होल्ट आहे. दुसरी शक्यता वेगळी. रंगीत बल्बमध्ये लाल, हिरवा, निळा, थंड पांढरा, उबदार पांढरा असे पाच चॅनेल असतात. मूळ फर्मवेअर बहुधा रंग आणि पांढरा एकत्र लावतच नाही, कारण आतला पॉवर सप्लाय तेवढ्या ताकदीचा नसतो. नव्या फर्मवेअरमध्ये पोराने हौसेने पाचही पूर्ण उजेडावर नेले, की बल्ब तापून बसतो. ईएसपीहोम नावाच्या दुसऱ्या खुल्या फर्मवेअरमध्ये ‘कलर इंटरलॉक’ ही सोय त्यासाठीच ठेवलीय. तो यातलं एक कारण ठामपणे सांगू शकला, आणि कशावरून हेही सांगू शकला, तर मला आनंद होईल. ‘माहीत नाही, उडाला’ म्हणाला, तर एक शंभर पानी वही आणून द्या. प्रत्येक बल्बला एक पान: आत कुठली चिप होती, कुठली पिन कुठे जोडली, मूळ फर्मवेअर आधी काढून ठेवलं होतं का, काय बिघडलं. मूळ फर्मवेअरची प्रत हा मुद्दा मी मुद्दाम लिहितोय. घाईत मुलं ती पायरी गाळतात आणि मग परतीची वाट राहत नाही.

आणखी एक विचारा. तुमच्याकडे वळवाच्या पावसात लाइट खेळ करते: गेली, आली, गेली, आली. टास्मोटात अशी सोय आहे, की बल्ब लागोपाठ सहा वेळा झटपट बंद-चालू करून सातव्यांदा चालू ठेवला, की तो सगळी सेटिंग विसरून कोऱ्यासारखा होतो. अडकलेला बल्ब सोडवायला ही सोय चांगली, पण लाइटच्या लपंडावात बल्ब आपोआप वायफायही विसरून बसेल. ती बंद करण्याचा आदेश आहे, ‘सेटऑप्शन ६५’. हे त्याला आधीच माहीत असेल, तर तो माहितीपत्रक वाचतो. नसेल, तर आता वाचू दे. ते इंग्रजीत आहे, आणि त्याचं इंग्रजी इथेच सुधारेल. शुद्ध निबंध लिहिता आला नाही तरी हरकत नाही, पण चिपची डेटाशीट, म्हणजे कंपनीने दिलेलं तांत्रिक माहितीपत्रक, स्वतःची स्वतः वाचता आलीच पाहिजे. या क्षेत्रात त्याला पर्याय नाही.

अकरावी की डिप्लोमा? माझं मत डिप्लोमाकडे झुकतं, पण एका अटीवर. कॉलेज शासकीय किंवा अनुदानित असावं आणि शाखा इलेक्ट्रॉनिक्स किंवा ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन). मिरजेला आणि कराडला शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. मुलाला घेऊन जा, कुठल्या शाखा आहेत ते विचारा, प्रयोगशाळेत डोकावा, टेबलावरच्या मायक्रोकंट्रोलरच्या किटवर धूळ आहे की हाताचे डाग, ते बघा. तीन वर्षांनी त्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, म्हणजे ताईंना वाटते ती पदवीची वाट बंद होत नाही. हे त्यांना नीट समजावून सांगा, त्यांची काळजी खोटी नाही. डिप्लोमाच्या मुलांना पुढे इंजिनिअरिंगचं गणित जड जातं, तेव्हा गणित सोडून चालणार नाही. मनासारखं तंत्रनिकेतन मिळालं नाही, तर भरमसाट फी भरून कुठल्याही खासगी कॉलेजात डिप्लोमा करण्यापेक्षा अकरावी सायन्स घ्या आणि एमएचटी-सीईटी द्या. पदवीनंतर सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचा एम्बेडेड सिस्टिम डिझाइनचा पदव्युत्तर डिप्लोमाही आहे, सी-कॅट परीक्षेतून प्रवेश मिळतो. ते पुढचं पुढे.

कॉलेज सुरू होईपर्यंत त्याला सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला लावा. टास्मोटा त्याच घराण्यातल्या सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं आहे.

राहिला चौथा बल्ब. तो फेकलेला नसावा अशी आशा करतो. माझा अंदाज आहे, की त्यात एस्प्रेसिफची चिपच नाही. अलीकडच्या बऱ्याच बल्बांमध्ये बेकन कंपनीची बीके७२३१ असते, त्यावर टास्मोटा चढत नाही. त्या चिपेसाठी ओपनबेकन नावाचं वेगळं खुलं फर्मवेअर लोकांनी लिहिलंय. मुलाला भिंग घेऊन चिपवरचा नंबर वाचायला सांगा, बल्ब अर्थातच होल्डरबाहेर. नंबर वहीत लिहून त्या पानाचा फोटो मला पाठवा. त्याने स्वतः काय शोधलं, तेही खाली दोन ओळीत लिहू दे. मग मी त्याच्याशी सविस्तर बोलेन.