सहा चाकांची फॉर्म्युला वन गाडी टायरेल पी-३४ खरंच शर्यत जिंकली होती का?

हो, आणि दिमाखात! १९७६च्या स्वीडिश ग्रां प्रीत पहिले दोन्ही नंबर तिचेच: जोडी शेक्टर पहिला, पॅट्रिक देपाये दुसरा.

टायरेलचे डिझायनर डेरेक गार्डनर यांनी पुढे दहा इंची चार छोटी चाकं बसवली, म्हणजे ती नाकाच्या आड दडून हवेचा अडथळा कमी होईल. चाकं इतकी बुटकी की ड्रायव्हरला ती दिसावीत म्हणून कॉकपिटच्या बाजूला चक्क छोटी खिडकी ठेवली होती. मागची चाकं मात्र नेहमीसारखी मोठीच, त्यामुळे सरळ पट्ट्यात फायदा बेताचाच झाला.

माझ्या मते कल्पना फसली नाही, टायरने घात केला. असले छोटे टायर फॉर्म्युला वनमध्ये फक्त हीच गाडी वापरायची. गुडइयरने त्यांच्या सुधारणेकडे फारसं लक्ष दिलं नाही आणि १९७७मध्ये ती मागे पडली. १९८३पासून तर चारपेक्षा जास्त चाकांवर बंदीच आली.