पोकळीतला पांढरा खडा ओळखायचा कसा?

प्रश्न : विहीर खोदताना काळ्या फत्तराच्या पोकळीत पांढरे आणि काचेसारखे स्वच्छ स्फटिक निघाले. कोणी गारगोटी म्हणतं, कोणी हिरा. घरच्या घरी ओळखता येतील का?
– एक वाचक, ता. हवेली, जि. पुणे

उत्तर : येतील. हिरा मात्र नाही. दख्खनच्या बेसॉल्टच्या, म्हणजे त्या काळ्या फत्तराच्या, पोकळ्यांत तो सापडत नाही. तिथे गारगोटी म्हणजे क्वॉर्ट्झ, कॅल्साइट, अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट यांसारखी झिओलाइट गटातली खनिजं असतात. ही सगळी पांढरी किंवा बिनरंगी मिळतात आणि कस, म्हणजे घासल्यावर उमटणाऱ्या भुकटीच्या रेघेचा रंगही, सगळ्यांचा पांढराच. त्यामुळे रंगावर जाऊ नका.

ओरखडा काढण्याआधी दहापट भिंगातून बघा. सर्वांत जास्त गल्लत गारगोटी आणि अपोफिलाइटमध्ये होते. गारगोटीच्या खांबाला सहा बाजू असतात आणि त्यांवर बारीक आडव्या रेघा. अपोफिलाइटचा खांब चौकोनी, रेघा उभ्या. त्याचा माथा सपाट असेल तर खडा उजेडात हळूहळू फिरवा : बाजू काचेसारख्या चमकतात, माथा मात्र शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा मोतिया दिसतो. अपोफिलाइट त्या माथ्याला समांतर सपाट पापुद्र्यांत फुटतं, कारण त्याला एकाच दिशेने उत्तम पाटन (ठरावीक सपाट पातळीत फुटण्याचा गुण) आहे. गारगोटीला ठळक पाटन नाही. ती शिंपल्यासारखी वळणदार फुटते. कॅल्साइट तीन दिशांनी फुटतं, म्हणून त्याचा लहानसा तुकडासुद्धा कललेल्या ठोकळ्यासारखा दिसतो. स्टिल्बाइट मधोमध आवळलेल्या पेंढीसारखं, तर स्कोलेसाइट एका ठिकाणाहून पसरलेल्या सुयांसारखं.

मग कठिनता, म्हणजे ओरखड्याला होणारा विरोध. कंसातले आकडे मोहस् मापनातले : 1 सर्वांत मऊ, 10 सर्वांत कठीण. पोलादी चाकूचं टोक मागच्या कोपऱ्यावर ओढा, चांगल्या पैलूवर कधीही नको. कॅल्साइटवर (3) सहज चरा उठतो, स्टिल्बाइटवरही (3.5 ते 4) फार जोर लागत नाही, अपोफिलाइटवर (4.5 ते 5) जोर लावावा लागतो. गारगोटीवर (7) उलट चाकूचंच पोलाद झिजून करडी रेघ उमटते आणि लोक तिलाच चरा समजतात. ओल्या बोटाने पुसा आणि नख फिरवून बघा. खाच लागली तरच चरा. सुयांच्या झुबक्यावर ही परीक्षा घेऊ नका. सुया मोडतात आणि खनिज आहे त्याहून मऊ वाटतं.

कॅल्साइटचा संशय उरला तर चिमूटभर भुकटी करून तिच्यावर पांढऱ्या व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बुडबुडे आले तर कॅल्साइट. अखंड खड्यावर हे इतकं मंद होतं की नजरेतून निसटतं. मात्र भुकटी खड्याच्या आतल्या भागाची हवी. झिओलाइटवर कॅल्साइटचा पातळ थर बसलेला असला तरी फेस येतोच.

मोठा सुटा खडा असेल तर विशिष्ट गुरुत्वही, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट तो जड आहे ते, काढा. खडा कोरडा तोला. मग 0.1 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि दोऱ्याला बांधलेला खडा पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही असा धरा. कोरड्या वजनाला आताच्या आकड्याने भागा. 46 ग्रॅमचा खडा पाण्यात 20 दाखवत असेल तर उत्तर 2.3, म्हणजे अपोफिलाइटच्या जवळ. स्टिल्बाइट 2.2 च्या आसपास येतं. गारगोटी 2.65 आणि कॅल्साइट 2.71, त्यामुळे या दोघांत निवाडा करायला ही रीत कामाची नाही. खड्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर उत्तर कमी येतं, बेसॉल्ट चिकटलेला असेल तर जास्त.

आणि साफ करताना खडे आम्लात बुडवू किंवा उकळू नका. कॅल्साइट आम्लात विरघळतं. झिओलाइटं आणि अपोफिलाइट यांच्या घडणीतच पाणी असतं. तापवल्यावर ते निघून जातं आणि स्फटिक पांढरट पडून तडकतात.

प्रश्न : रेडीजवळ मिळालेला जड काळा दगड हेमॅटाइट की मॅग्नेटाइट?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : दोन्ही लोहखनिजं. इथे कसच निवाडा करतो. चिनीमातीच्या बरणीच्या बुडाला झिलई नसलेली पांढरी कड असते, तिच्यावर दगड घासा. तांबडी रेघ उमटली तर हेमॅटाइट, काळी उमटली आणि चुंबकही घट्ट चिकटला तर मॅग्नेटाइट. पिवळट तपकिरी रेघ गोएथाइट या तिसऱ्या लोहखनिजाची. दगड आधी फोडून ताज्या भागावर घासा, नाहीतर वरच्या गंजाचाच कस मिळेल. चुंबक जेमतेम ओढला गेला तर त्यावरून मॅग्नेटाइट ठरवू नका; हेमॅटाइटमध्ये त्याचे थोडे कण राहिलेले असू शकतात.