हेक पेशींत (लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या पेशी) जीएफपी प्लास्मिड (हिरवं चमकणारं प्रथिन बनवायला लावणारा गोल डीएनए) टाकून ६ तास झाले, हिरवं काहीच दिसत नाही. ट्रान्सफेक्शन (पेशींत डीएनए घालणं) फसलं का? टक्केवारी कशी काढू?

फसलं असं इतक्यात म्हणू नका, २४ ते ४८ तासांनी परत बघा. डीएनए आत गेल्यावर आरएनए, मग प्रथिन, मग त्याची घडी बसून चमकणारा भाग तयार होणं, याला वेळ लागतोच. टक्केवारी म्हणजे हिरव्या पेशी भागिले एकूण पेशी, गुणिले १००. एकूण मोजायला हेक्स्ट या रंगाने केंद्रकं निळी करा आणि एकाच जागेचे निळा-हिरवा असे दोन फोटो घ्या. नागपुरातल्या लॅबमध्ये हेच काम रोज करतो म्हणून सांगतो: डोळा आपोआप हिरव्यागार जागेवरच थांबतो, तिथेच मोजलं की आकडा फुगतो. न निवडता चार-पाच जागा घ्या. शिवाय

- प्लास्मिड न टाकलेला एक वेल (पेशींच्या प्लेटमधला खळगा) ठेवाच. मेलेल्या पेशीही फिकट हिरव्या दिसतात.
- हेक पेशी धुताना सुटून जातात, पीबीएस (धुण्याचं खारट द्रावण) वेलच्या कडेने हळू सोडा.
- फ्लो सायटोमीटर (एकेक पेशीची चमक मोजणारं यंत्र) दुसऱ्या संस्थेत असेल तर पेशी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने फिक्स करून (आहेत तशा टिकवून), बर्फाच्या डब्यात, अंधारात न्या. इथल्या मे महिन्यात तर नक्कीच. मिथेनॉल नको, जीएफपीची चमक जाते.

एक मात्र आहे. रिकामा जीएफपी वेक्टर (दुसरा जीन न घातलेलं प्लास्मिड) साधारण ४.७ किलोबेसचा (किलोबेस म्हणजे डीएनएची हजार अक्षरं) असतो. तुमचा जीन १०-१२ किलोबेसच्या वेगळ्या प्लास्मिडवर असेल, तर तोही तेवढ्याच पेशींत गेला असं धरू नका. त्याचं प्रथिन वेस्टर्न ब्लॉटवर (ठरावीक प्रथिन ओळखायची चाचणी) वेगळं तपासा.