वडिलांच्या नावावरची केबल आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी

प्रश्न : काळाचौकीत आमचा केबलचा धंदा आहे. बाबांनी 1992 साली व्हीसीआर लावून सुरुवात केली, आज साधारण 340 बॉक्स चालू आहेत. पोस्टातलं रजिस्ट्रेशन बाबांच्या एकट्याच्या नावावर. शेवटचं नूतनीकरण 10 जानेवारी 2025 ला झालं, मुदत 9 जानेवारी 2026 पर्यंत. ऑगस्टमध्ये बाबा गेले. नोव्हेंबरात मी पोस्टात गेलो तर खिडकीवर सांगितलं, आता इथे काही होत नाही, ऑनलाइन करा. बाबांचा मोबाइल अजून चालू आहे, आधारचा ओटीपी त्यावर येतो. म्हणून त्यांच्याच नावाने रिन्यू करून टाकावं आणि नाव नंतर सावकाश बदलावं, असा विचार आहे. डोंबिवलीचे भाओजी फायबरसाठी पैसे घालायला तयार आहेत, त्यांचं नाव लायसन्सवर चढवता येईल का? समोर चाळी पाडून टॉवर झालाय, तो एरिया वाढवून घ्यायचाय. एमएसओचा, म्हणजे आम्हाला सिग्नल पुरवणाऱ्या मोठ्या केबल कंपनीचा, माणूस म्हणतो, नाव बदललं की नवा करार आणि त्यात तुमचा वाटा कमी. गणपतीत मंडळाची आरती लोकल चॅनलवर दाखवतो, ती चालू ठेवता येईल ना?

उत्तर : सगळ्यात आधी तो मोबाइल कपाटात ठेवा. बाकीचं नंतर बोलू.

तुमचा हेतू वाईट नाही हे पत्रावरून कळतं. घरातलं काम घरातल्या फोनवरून उरकायचं, एवढंच तुमच्या मनात आहे. पण कागदावर ते कसं दिसेल ते बघा. महापालिकेच्या मृत्यूच्या दाखल्यावर ऑगस्टची तारीख आणि नूतनीकरणाच्या अर्जावर त्यानंतरची. हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवायला वकील लागत नाही. शेजारच्या गल्लीतला केबलवालासुद्धा ठेवू शकतो, आणि तुमच्या धंद्यात असे हितचिंतक कमी नसतात. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक ओळख लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 सी खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. आधार कायद्याच्या कलम 34 मध्ये तोतयेगिरीबद्दल लिहिताना ती व्यक्ती जिवंत असो वा मृत, असे शब्द मुद्दाम घातलेत. ज्यांनी ते कलम लिहिलं त्यांच्या डोळ्यांसमोर तुमच्यासारखीच कपाटात राहिलेली सिमकार्डं असावीत.

आणि एवढा धोका पत्करून हाती काय लागणार? बाबांचा धंदा एकट्याच्या मालकीचा होता. त्यात धंदा आणि माणूस कायद्याच्या नजरेत एकच. रजिस्ट्रेशन त्या माणसाला मिळालेलं असतं. खोली, दुकान किंवा बँकेतली ठेव जशी वारसाकडे येते, तसं ते येत नाही. त्यामुळे ‘आधी रिन्यू, मग नावात बदल’ हा रस्ताच नाही. दुरुस्तीत पत्ता बदलतो, स्पेलिंग सुधारतं. एका माणसाच्या जागी दुसरा माणूस बसत नाही. तुम्हाला तुमच्या नावाने नवं रजिस्ट्रेशन घ्यायचं आहे.

यात तुमचा फायदाच आहे. पोस्टाच्या खिडकीवरच्या माणसाने तुम्हाला बरोबर सांगितलं, फक्त कारण सांगितलं नाही. 1994 च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांप्रमाणे हेड पोस्टमास्तर हेच नोंदणी अधिकारी होते. 500 रुपये भरायचे, बारा महिन्यांचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत उभं राहायचं. 17 जानेवारी 2025 ला नियम बदलले. आता नोंदणी अधिकारी खुद्द माहिती व प्रसारण मंत्रालय आहे, अर्ज ‘ब्रॉडकास्ट सेवा’ पोर्टलवर होतो, फी 5,000 रुपये आणि मुदत पाच वर्षं. बाबांचं नूतनीकरण या बदलाच्या बरोबर एक आठवडा आधी झालं, म्हणून तुमच्या हातात अजून जुन्या पद्धतीचा कागद आहे. नव्या नियमांत नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान 90 दिवस आधी करायचा असतो. तुमच्या बाबतीत ती तारीख ऑक्टोबरातच उलटली. पण तुम्ही नूतनीकरण मागतच नाही, नवी नोंदणी मागताय. त्यामुळे ते 90 दिवस तुमच्या आड येत नाहीत.

मात्र 9 जानेवारीपर्यंत वेळ आहे असं समजून बसू नका. प्रमाणपत्रावर तारीख जानेवारीची असली तरी ते ज्यांच्या नावाचं होतं ते ऑगस्टमध्ये गेले. 1995 च्या केबल कायद्याचं कलम 3 म्हणतं, नोंदणी नसलेल्या कुणीही केबल नेटवर्क चालवायचं नाही. कलम 11 खाली सामान जप्त करता येतं आणि मुंबईत तो अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे. 2023 च्या जनविश्वास कायद्याने या कायद्यातली कैदेची शिक्षा काढून टाकली, तेव्हा झोप उडवून घेऊ नका. पण उद्या कुणी तक्रार केली आणि तुमची कंट्रोल रूम सील झाली, तर 340 घरांत रात्रीच्या मालिकेच्या वेळेला पडदा काळा होईल. त्यातली किती घरं महिनाअखेरपर्यंत तुमच्याकडे राहतील, याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला आहे.

अर्ज भरण्याआधी एक संध्याकाळ घरातल्या माणसांबरोबर बसा. पोर्टल आधार आणि पॅन ऑनलाइन पडताळतं, आणि सगळं जुळलं की प्रमाणपत्र तिथल्या तिथे निघतं. आधारवर आणि पॅनवर नावाचं इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने वेगळं असलं तरी घोडं अडू शकतं. ते आधी दुरुस्त करा. पण खरा प्रश्न स्पेलिंगचा नाही. अर्ज तुमच्या एकट्याच्या नावाने करायचा की भागीदारी फर्मच्या, हे त्या संध्याकाळी ठरायला हवं. आज एकट्याच्या नावाने घेतलं आणि मार्चमध्ये भाओजींना भागीदार केलं, तर फर्म ही वेगळी व्यक्ती म्हणून पुन्हा नवी नोंदणी, पुन्हा 5,000 रुपये आणि एमएसओशी पुन्हा करार. फर्मला नोंदणी मिळते, सगळे भागीदार भारतीय नागरिक असले म्हणजे झालं. भागीदारीपत्र करून फर्मचं पॅन काढा आणि फर्म रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदवा. न नोंदवलेल्या फर्मला भागीदारी कायद्याच्या कलम 69 मुळे करारावरून बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. उद्या एमएसओने पैसे थकवले तर फर्मची नोंदणी आहे की नाही, हा पहिला प्रश्न त्यांचा वकील विचारेल.

आता थोडं नाजूक बोलते. तुमच्या पत्रात भाओजी आहेत, पण बहिणीचा उल्लेखच नाही.

रजिस्ट्रेशन वारसाने येत नाही, पण धंद्याची मालमत्ता येते. गच्च्यांवरून टाकलेली केबल, अँप्लिफायर, नोड, कंट्रोल रूममधली बॅटरी, लोकांकडची बाकी, बँकेतली शिल्लक, सगळं बाबांचं होतं. बाबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, बहीण आणि तुम्ही समान वाटेकरी आहात. आजी, म्हणजे बाबांची आई, हयात असेल तर तिचाही तेवढाच वाटा. हे बऱ्याच घरांत कुणाच्या लक्षात येत नाही आणि आजीच्या गावाकडच्या पुतण्याच्या मात्र बरोबर लक्षात येतं. भाओजींचा या मालमत्तेत काहीही हक्क नाही. ते पैसे घालणार असतील तर ते त्यांचं भांडवल किंवा त्यांनी दिलेलं कर्ज, बहिणीच्या वाट्याशी त्याची गल्लत नको. माझं मत विचाराल तर भागीदार बहिणीला करा आणि भाओजींचे पैसे कर्ज म्हणून घ्या, व्याज आणि परतफेड लिहून. पाच वर्षांनी तुमचं आणि भाओजींचं पटलं नाही तरी नेटवर्क तुटणार नाही.

अशा वेळी घरोघरी ‘एनओसी’ करून घेतात. त्याने एवढंच सिद्ध होतं की तुम्ही धंदा चालवायला बाकीच्यांची हरकत नाही. वाटा सोडल्याचं सिद्ध होत नाही. वाटा सोडायचा तर हक्कसोडपत्र लागतं. मी तुम्हाला आत्ता ते करायला सांगत नाही, बाबांना जाऊन जेमतेम काही महिने झालेत. सध्या सगळ्यांच्या सह्यांचं संमतीपत्र करा आणि त्याला सामानाची यादी जोडा. यादीत सेट टॉप बॉक्स वेगळे लिहा. कोणते बॉक्स बाबांनी पैसे मोजून घेतले आणि कोणते एमएसओच्या मालकीचे, हे जुन्या बिलांवरून कळेल. बिलं सापडली नाहीत तर एमएसओकडून खातेउतारा मागवा.

एमएसओच्या माणसाचं अर्धं बरोबर आहे. करार बाबांशी होता, म्हणून नवा करार करावा लागेल. पण वाटा कमी होईल हे त्याच्या मनातलं आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2017 च्या इंटरकनेक्शन नियमावलीप्रमाणे वाटा दोघांच्या संमतीने ठरतो. संमती झाली नाही तर नमुना करार लागू होतो आणि त्यात नेटवर्क कपॅसिटी फीची, म्हणजे ग्राहक नुसत्या कनेक्शनसाठी दरमहा भरतो त्या रकमेची, वाटणी 55 आणि 45 अशी आहे, एमएसओला 55, तुम्हाला 45. त्याने देऊ केलेल्या टक्क्यावर तुम्ही सही केली नाहीत तर तुम्ही या वाटणीवर येऊन थांबता, त्याखाली नाही. फक्त टक्का बघताना तो कशाचा टक्का आहे तेही बघा. जुलै 2024 च्या दुरुस्तीने या फीवरची कमाल मर्यादा ट्रायने उठवली आहे. तेव्हा ग्राहकाकडून नक्की किती फी घ्यायची ठरली आहे, तो आकडा करारात लिहून घ्या.

तुमचं प्रमाणपत्र निघालं की त्याच दिवशी, प्रत जोडून, सिग्नलसाठी लेखी विनंती एमएसओच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. त्यांना तीस दिवसांत करार करणं बंधनकारक आहे. चालू असलेला सिग्नल बंद करायचा तर तीन आठवड्यांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि तीत कारण असावं लागतं. फोनवर ‘बघतो तुम्हाला’ म्हटलं ती नोटीस नव्हे. पुढच्या वेळी त्याचा फोन आला की शांतपणे सांगा, हेच मेलवर पाठवा. बहुतेक वेळा मेल येत नाही. आलाच, तर तो दिल्लीच्या टीडीसॅट या न्यायाधिकरणात तुमच्या उपयोगी पडेल. एमएसओ आणि केबल ऑपरेटरमधले वाद तिथेच चालतात, आपल्या दिवाणी कोर्टात दावा टाकून वर्षं घालवू नका.

एरियाचं ऐकून मला थोडं हसू आलं. नव्या नोंदणीचं कार्यक्षेत्र सगळा भारत आहे. काळाचौकीच्या रजिस्ट्रेशनवर तुम्ही उद्या कोल्हापुरात केबल टाकलीत तरी मंत्रालय हरकत घेणार नाही. एरिया वाढवून घेण्यासाठी कुठलाही अर्ज नाही. पण त्या टॉवरमध्ये शिरायला रजिस्ट्रेशन पुरत नाही. तिथल्या सोसायटीची परवानगी लागेल, सोसायटी अजून बिल्डरकडून हस्तांतरित झाली नसेल तर बिल्डरची. रस्ता ओलांडायचा तर महापालिकेची. आणि ‘हा टॉवर माझ्या एरियात येतो’ असं शेजारचा ऑपरेटर सांगत येईल, त्याला कायद्यात काडीचाही आधार नाही. मुंबईत ही गल्ली तुझी, ती माझी अशा सीमा नव्वदच्या दशकात ज्या रीतीने आखल्या गेल्या, त्या तुम्ही लहानपणी पाहिल्या असतील. त्या कुठल्याही प्रमाणपत्रावर नाहीत. ग्राहक कुणाकडूनही कनेक्शन घेऊ शकतो, आणि हे तुमच्या 340 घरांनाही लागू आहे.

आरतीबद्दल. मुंबईत 2012 च्या नोव्हेंबरपासून केबल डिजिटल झाली आणि सिग्नल एमएसओकडून एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होऊनच यायला हवा. तुमच्या कंट्रोल रूममधून मध्येच स्वतःचा चॅनल घुसवणं आता चालत नाही. लोकल चॅनल म्हणजे ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’, आणि तिच्यासाठी मंत्रालयाची नोव्हेंबर 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ती एमएसओसाठी आहेत, नोंदणी चॅनलमागे 1,000 रुपये. तेव्हा आरती दाखवायची तर एमएसओच्या लोकल चॅनलवरून. धार्मिक स्थळांवरचं थेट चित्रण इतरांबरोबर वाटून दाखवायला तिथे मुभा आहे. पुढच्या गणपतीला वेळ आहे, करार करताना हा मुद्दा त्यात घालून घ्या. तुमच्याकडचा पोरगा कॅमेरा घेऊन वॉर्डातल्या बातम्याही देत असेल तर ते मात्र थांबवा. स्थानिक बातम्या फक्त कंपनी म्हणून नोंदलेल्या एमएसओला दाखवता येतात.

जीएसटी बाबांच्या पॅनवर असेल तर तो नंबर वापरणं बंद करा. वारसाने धंदा घेणाऱ्याला आपला नंबर काढावा लागतो, उलाढाल वीस लाखांच्या आत असली तरी. आधी तुमचा किंवा फर्मचा नंबर, मग शिल्लक टॅक्स क्रेडिट वळवून घेणं, मग बाबांचा नंबर रद्द. हे सीएकडे सोपवा.

शेवटी तो क्यूआर कोड. वसुलीला फिरणाऱ्या तुमच्याकडच्या मुलाच्या गळ्यातल्या कार्डावर तो अजून बाबांच्या खात्याचाच असणार. बँकेला मृत्यूची खबर द्या आणि नव्या खात्याचा कोड येईपर्यंत पावती फाडून रोख घ्या. ऑगस्टपासून त्या जुन्या खात्यात जमा झालेले पैसे आणि त्यातून एमएसओला, लाइनमनला, विजेच्या बिलाला गेलेले पैसे एका वहीत तारखेप्रमाणे मांडा. बहिणीने विचारण्याआधी ती वही डोंबिवलीला नेऊन तिला दाखवा, आणि शेवटच्या पानावर तिची सही घ्या.