चिपळूणमध्ये भाड्याचा फ्लॅट शोधताना आधी पुराची पातळी विचारा

तुमची बदली चिपळूणला झाली आहे, घरात दोघेच आहात, भाडे सात हजारांच्या वर परवडणार नाही आणि वन बीएचके कसा शोधावा, असा तुमचा प्रश्न आहे. नोकरीच्या निमित्ताने मी याच शहरात सहा वर्षे भाड्याने राहिलो, त्या अनुभवावरून सांगतो.

भाडे किती हे विचारण्याआधी २०२१ मध्ये इथे पाणी कुठवर आले होते, हे विचारा. शिव नदी शहरातून वाहत जाऊन वाशिष्ठीला मिळते. जुलै २००५ मध्ये आणि पुन्हा २२ जुलै २०२१ रोजी बाजारपेठेसह शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. मी तेव्हा दुसऱ्या मजल्यावर होतो. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या गाद्या, फ्रीज, मुलांची वह्यापुस्तके आणि वर्षाचे तांदूळ, सगळे चिखलात गेलेले मी पाहिले आहे, आणि ते घर धुऊन काढायला आम्हाला चार दिवस लागले. म्हणून तळमजल्याचा फ्लॅट आजूबाजूच्या घरांपेक्षा बराच स्वस्त मिळत असेल, तर तेवढ्यावर हुरळून जाऊ नका. घरमालक कदाचित मोघम बोलतील, पण समोरचा दुकानदार भिंतीवर हात ठेवून नेमकी उंची दाखवील. विजेचे मीटर आणि स्विचबोर्ड नेहमीपेक्षा उंच बसवलेले दिसले, तर त्याचे कारणही अवश्य विचारा.

स्वस्त आणि चांगली घरे ऑनलाइन जाहिरातींत क्वचितच दिसतात. अनेक फ्लॅटचे मालक मुंबईला असतात, गणपतीत आणि मे महिन्यात येतात आणि एरवी किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवतात. असे मालक भाड्यापेक्षा माणूस पाहतात. मला घर मिळाले ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारामुळे: त्यांनी मालकांना माझ्यासमोरच फोन लावला, मी कुठे काम करतो हे सांगितले, आणि किल्ली वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे असल्यामुळे अर्ध्या तासात घर पाहून झाले. तेव्हा पहिले आठ-दहा दिवस लॉजवर राहून संध्याकाळी पायी फिरा, कार्यालयातल्या जुन्या सहकाऱ्यांना सांगून ठेवा, आणि एजंटकडे गेलात तर दलाली किती हे आधीच ठरवून घ्या.

घर शक्यतो पावसाळ्यात पाहा, कारण इथल्या पावसात पश्चिमेकडच्या भिंतींना येणारी ओल उन्हाळ्यात रंगाखाली सहज झाकली जाते. सर्वांत वरचा मजला असेल, तर गच्चीवर पत्र्याची शेड आहे की नाही ते पाहा. पाणी रोज किती वेळ येते आणि मेन्टेनन्स भाड्यात धरला आहे का, हेही विचारून घ्या.

भाडेकरार तोंडी ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. लिव्ह अँड लायसन्स करारावरचे, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याच्या करारावरचे, मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. सात हजार भाडे, अकरा महिने आणि वीस हजार अनामत धरली, तर ते दोनशे रुपयांच्या आसपास येते. नोंदणी फी वेगळी असली, तरी खर्चाच्या भीतीने नोंदणी टाळावी, असे काहीही नाही. अनामत किती दिवसांत परत मिळेल आणि पुरात किंवा गळतीत खराब झालेल्या भिंतींची दुरुस्ती कोणी करायची, ही दोन वाक्ये करारात आग्रहाने लिहून घ्या, आणि त्यावर सह्या झाल्याशिवाय अनामतीचे पैसे देऊ नका.