संगीत मासिकाचं मुखपृष्ठ वाचायचं कसं, आणि अहिराणी अंकाचं कव्हर बांधायचं कसं

भाऊ, तू धुळ्याहून दोन गोष्टी विचारल्यास: पत्रकारितेच्या प्रकल्पात संगीत मासिकाच्या मुखपृष्ठाचं विश्लेषण कसं लिहायचं, आणि नंतर अहिराणी गाण्यांच्या एका काल्पनिक मासिकाचं कव्हर कसं करायचं. तुझा मसुदा वाचला. मास्टहेड (वर छापलेलं मासिकाचं नाव), मुख्य फोटो, कव्हरलाइन (आतल्या मजकुराची ओढ लावणाऱ्या ओळी), किंमत, बारकोड ही नावं सगळी बरोबर आहेत. पण प्रत्येकापुढे 'वाचकाचं लक्ष वेधून घेतं' एवढंच लिहिलंयस. मी जळगावात बरीच वर्षं छपाईसाठी मांडणीचं काम करतोय. कव्हर कोण बघणार, कुठे बघणार आणि किती लांबून, हे आधी लिहून काढ. बाकीच्या सगळ्याची कारणं त्यातूनच सापडतात.

एक उदाहरण घे. इंग्लंड-अमेरिकेतल्या दुकानांत मासिकं फळीवर एकमेकांवर सरकवून लावतात, तेव्हा पुष्कळदा डावीकडची पट्टीच काय ती दिसते. म्हणून महत्त्वाच्या कव्हरलाइन डाव्या कडेला येतात. आपल्याकडे स्टॉलवर अंक दोरीला चिमट्याने टांगलेले किंवा फळकुटावर एकाखाली एक मांडलेले असतात, तिथे वरचा भाग कामाचा. तेव्हा 'मजकूर डावीकडे आहे' हे निरीक्षण झालं. 'विक्रीच्या जागेमुळे डावीकडे आहे' हे विश्लेषण.

तू निवडलेलं कव्हर उत्तम आहे: 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन संगीत मासिकाचा २२ जानेवारी १९८१ चा अंक, ॲनी लीबोविट्झ यांनी काढलेला 'बीटल्स'चे गायक जॉन लेनन आणि त्यांची पत्नी योको ओनो यांचा फोटो. फोटो ८ डिसेंबर १९८० चा, आणि त्याच रात्री लेनन यांची हत्या झाली. तू लिहिलंस, 'फोटो भावनिक आहे.' त्यापुढे जा. संगीत मासिकाच्या कव्हरवर कलावंत सहसा थेट आपल्या डोळ्यांत बघतो, कारण त्या नजरेनेच स्टॉलवरचा माणूस थांबतो. इथे दोघांपैकी कुणीही आपल्याकडे बघत नाही. लेनन यांचे डोळे मिटलेले, योको दुसरीकडे बघतायत. लेनन उघड्या अंगाने, योको पूर्ण कपड्यांत. कॅमेरा वरून. हातात गिटार नाही, गायक असल्याची एकही खूण नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, एकही कव्हरलाइन नाही. अंक विकण्याचं नेहमीचं साधन संपादकांनी जाणूनबुजून बाजूला ठेवलं, कारण त्या आठवड्यांत हा चेहरा कोणाचा हे सांगायची गरजच नव्हती. १९६७ मध्ये याच मासिकाच्या पहिल्या अंकावरही लेननच होते, चित्रपटातल्या सैनिकाच्या वेषात. दोन्ही कव्हरं शेजारी ठेव, अर्धा निबंध तिथेच होईल. २००५ मध्ये अमेरिकन मासिक-संपादकांच्या संघटनेने मागच्या चाळीस वर्षांतलं सर्वोत्तम कव्हर म्हणून याच कव्हराची निवड केली, तेही नोंदव.

रंगांबद्दल 'लाल म्हणजे प्रेम' असलं काही लिहू नकोस. त्या मासिकाचे आधीचे काही अंक बघ. रंग तिथे नेहमीचाच असेल तर ती त्याची ओळख आहे, या अंकाचा अर्थ नव्हे.

आता तुझं कव्हर. इथे मला जास्त बोलायचंय, कारण इंग्रजी कव्हरची नक्कल करताना पोरं देवनागरी मास्टहेडचा बळी देतात. इंग्रजी नावावर गायकाचं डोकं चढवलं तरी चालून जातं: रोमन अक्षराचा वरचा अर्धा भाग दिसला तरी ते बहुतेक वेळा ओळखू येतं, शिवाय नाव जुनं आणि पाठ झालेलं असतं. आपलं अक्षर शिरोरेषेला लटकतं. खालून डोकं घुसलं की अक्षराचं पोटच झाकलं जातं, मग 'ब' की 'व', 'प' की 'ष' कळत नाही. वरची बाजू झाकली तर 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांचा गोंधळ, वर वेलांटी-मात्रा गेली ती वेगळीच. नव्या मासिकाला हे परवडत नाही. फार तर एखाद्या कान्यावर केस येऊ दे. आणि अक्षरांमधलं अंतर ताणू नकोस, शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. 'केरँग' या रॉक मासिकाने नावच गिटारच्या आवाजावरून घेतलं आणि अक्षरांना तडे दिले; तसा आवाज देवनागरीत आणायचा तर शिरोरेषेच्या जाडीत आण, ती आपली हक्काची जागा आहे.

विषय म्हणून कानबाईची, म्हणजे आपल्या खान्देशातल्या देवीची, गाणी घे असं मी सुचवेन. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, बायका मिळून रात्र जागवतात. बँडच्या फोटोत मुख्य गायक पुढे आणि बाकीचे मागे असतात. ती रचना इथे उचलू नकोस. एकीला पुढे काढलंस की बाकीच्या शोभेला उरतात. सगळ्या एका रेषेत, तोंडं उघडी, गाताना. दोघीतिघींनीच कॅमेऱ्याकडे बघितलं तरी पुरे. केळीची बाग, कापूस, भरताची वांगी मागे चिकटवू नकोस. खान्देश त्यांच्या चेहऱ्यांत आणि लुगड्यांत दिसतो. एक कव्हरलाइन अहिराणीत असावी, आणि ती अहिराणी बोलणाऱ्या एखाद्या आजीकडून तपासून घे. जळगाव, धुळे, नंदुरबार, मालेगाव, बागलाण, सगळीकडे बोली थोडी थोडी बदलते, तेव्हा कुठली वापरलीस ते प्रकल्पात लिही.

तुझा वाचक हे कव्हर बहुधा मोबाइलवर, नखाएवढ्या चित्रात आधी बघणार. तेवढं लहान करून बघ. नाव वाचता आलं आणि बायका गातायत हे कळलं तर मांडणी जमली. स्क्रीनवरचा झगझगीत गुलाबी आणि हिरवा चार रंगांच्या छपाईत मळकट उतरतो, म्हणून कॉलेजला छापील प्रत द्यायची असेल तर आधी एक प्रूफ (चाचणीची प्रत) काढ.

आराखडा झाला की इथेच टाक. मास्टहेडसाठी दोन वेगवेगळे फॉन्ट लावून टाकलेस तर कोणता का, तेही सविस्तर सांगतो.